नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



आपल्या मराठीत एका मात्रेने अर्थ किती बदलतो पाहा! बाळाचे नाव ठेवणे हा घरातला आनंदाचा सोहळा. पण बाळाला नावे ठेवणे म्हणजे त्याच्यात खोट काढणे. स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू आईवडिलांना सर्वांत आधी बाळाचे नाव विचारतात. पुढचे सारे त्यानंतर. लहान मुलांना आपण पुढे आणखी कोणती नावे देतो, ती कोणी द्यावीत आणि कशी द्यावीत, याविषयी आज थोडा विचार करू या. आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करू या.

आम्ही काहीजण रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो. दोन वर्षांपूर्वी पाच-साडेपाच वर्षांचा एक मुलगा आमच्या छोट्यांच्या वर्गात आला. तो जागेवर बसत नसे. गाणे सुरू झाले की दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळत असे. हाक मारली तर वळून पाहत नसे, पण छतावरचा पंखा मात्र टक लावून पाहत राही. तिसऱ्या रविवारी आम्ही त्याच्या आईला बाजूला बोलावले आणि अगदी सौम्य शब्दांत सांगितले, "याला अजून एक वर्ष घरीच ठेवा. जरा शिस्त लागू द्या." हजेरीपटात त्याच्या नावापुढे आमच्यापैकी कुणीतरी 'हट्टी' असे लिहूनही ठेवले. आई वाद घालत बसली नाही. जाताना एवढेच म्हणाली, "टीचर, त्याला ऐकू येत नाही असं नाही. त्याला जास्तच ऐकू येतं."

काही महिन्यांनी कळले की तज्ज्ञांनी त्या मुलाला ऑटिझम, म्हणजे मराठीत ज्याला 'स्वमग्नता' म्हणतात, ती असल्याचे निदान केले आहे. मिस्सानंतर चर्चच्या अंगणात विषय निघाला. एक वडीलधारे गृहस्थ कळवळून म्हणाले, "एवढ्याशा लेकराला असला शिक्का मारायचा का? मोठा होईल, बोलेल, सुधारेल. डॉक्टरांना काय, एक शब्द लिहून मोकळे!" आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. घरी गेल्यावर मात्र आम्हाला तो हजेरीपट आठवला. शिक्का तर आम्ही डॉक्टरांच्या आधीच मारला होता!

मग आम्ही त्या आईवडिलांना भेटलो. हे निदान कसे होते, ते त्यांच्याकडून समजून घेतले. जे कळले ते सर्वांनी जाणून घ्यावे असे वाटते.

मलेरिया रक्तात दिसतो. मोडलेले हाड एक्स-रेमध्ये दिसते. डाउन सिंड्रोम असेल तर गुणसूत्रांच्या तपासणीत कळते. त्यात एकविसावे गुणसूत्र जादा असते, हे फ्रान्समधील डॉ. जेरोम लेजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली जगापुढे मांडले. स्वमग्नतेसाठी मात्र अशी रक्ततपासणी नाही, एक्स-रे नाही, की यंत्रातून निघणारा कागद नाही. तज्ज्ञाकडे साधने तीनच: विचारणे, पाहणे आणि ऐकणे. म्हणूनच हे काम कौशल्याचे आहे तितकेच सचोटीचेही आहे.

पहिली पाळी आईवडिलांची. बाळंतपण कसे झाले, बाळ कधी बसले, कधी चालले, पहिला शब्द कोणता, आलेले शब्द पुन्हा गेले का, अशी विचारपूस होते. एक प्रश्न त्या आईच्या मनात घर करून राहिला होता: "बोट दाखवायचा का?" आपण बाळाला भरवताना 'तो बघ काऊ' म्हणतो. वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास बाळ स्वतःच बोट दाखवू लागते, आणि बोट दाखवून आईच्या तोंडाकडे वळून पाहते. 'मला ते दे' म्हणून दाखवणे वेगळे आणि 'आई, तूही बघ' म्हणून दाखवणे वेगळे. हे दुसरे बोट फार महत्त्वाचे असते. ते दिसत नसेल, तर तज्ज्ञ त्याची नोंद घेतात.

त्यानंतर कानांची तपासणी होते. हाकेला ओ न देणारे मूल कदाचित ऐकूच शकत नसेल, ही शक्यता आधी दूर करावी लागते. बाळ झोपलेले असतानाही आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो की नाही हे सांगणारी 'बेरा' नावाची तपासणी यासाठीच असते.

लहान वयात एक चाळणीही लावतात. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' नावाची वीस प्रश्नांची यादी जगभर वापरली जाते. आईवडिलांनी होय किंवा नाही एवढेच सांगायचे असते. पण चाळणी म्हणजे निदान नव्हे. चाळणीत अडकलेल्या मुलांपैकी कित्येकांना पुढे स्वमग्नता नसल्याचे कळते. कोणी त्या यादीवरूनच निकाल सांगत असेल, तर तो घाई करतो आहे असे समजावे.

पुढे तज्ज्ञ मुलासोबत चक्क जमिनीवर बसतात. साबणाचे फुगे उडवतात, खेळणे लपवतात, मध्येच नावाने हाक मारतात. मूल फुग्याकडे पाहते की फुगा उडवणाऱ्याकडेही, हे पाहिले जाते. विकास मोजण्यासाठी मोजपट्ट्याही असतात. तीस महिन्यांपर्यंतच्या भारतीय बाळांसाठी बडोद्यात तयार झालेली एक आहे. त्याहून मोठ्या मुलांची बुद्धी मोजण्यासाठी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात परदेशी चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली. ती बिने-कामत चाचणी पुढे पिढ्यान् पिढ्या वापरात राहिली. स्वमग्नतेच्या सरकारी प्रमाणपत्रासाठी आपल्या देशात 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. तिच्यात वागण्याच्या चाळीस बाबी आहेत आणि प्रत्येकीला एक ते पाच गुण. येथे गुण जास्त म्हणजे अडचण जास्त. सत्तरपासून पुढे स्वमग्नता धरली जाते.

हे काम सहसा एकट्याचे नसते. बालविकासतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आपापले पाहतात आणि मग एकत्र बसून बोलतात. आम्ही मात्र त्या आईला एकही प्रश्न विचारला नव्हता. तिने आपणहून सांगितलेले एकमेव वाक्यही आम्ही ऐकून सोडून दिले. खरे तर निदानाच्या दृष्टीने तेच मोलाचे होते. अशा अनेक मुलांना आवाज, उजेड किंवा स्पर्श आपल्यापेक्षा फार तीव्रतेने जाणवतो. आमचे गाणे त्याच्या कानांना खुपत होते आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

आता अंगणातल्या त्या प्रश्नाकडे वळू. थोडे थांबले तर काय बिघडले?

'मुलगे उशिराच बोलतात', 'याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले' असे आजी म्हणते, तेव्हा तिच्या मनात मायाच असते. आणि काही मुले खरोखर उशिरा बोलून पुढे अगदी सुरळीत होतातही. पण कोणते मूल तसे आणि कोणते नाही, हे घरबसल्या ओळखता येत नाही. वर्षाचे होऊनही नावाला प्रतिसाद नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे नाही, किंवा कोणत्याही वयात आलेले बोलणे नाहीसे झाले, तर वाट पाहत बसू नये. पहिली काही वर्षे मेंदू झपाट्याने घडत असतो. त्या काळात केलेली मदत पुढच्या मदतीपेक्षा सहज रुजते. विशेष म्हणजे ही मदत सुरू करण्यासाठी अंतिम निदान हाती असण्याचीही गरज नसते.

तज्ज्ञही थांबतात, नाही असे नाही. वाचन-लेखनातील अक्षमता आहे की नाही, हे मूल आठ वर्षांच्या आसपास पोहोचेपर्यंत ते ठामपणे सांगत नाहीत. चार वर्षांखालील चुळबुळ्या मुलाला अतिचंचलतेचे नाव द्यायला ते धजत नाहीत. पाच वर्षांखालील मुलाची बुद्धी खात्रीने मोजता येत नसेल तर 'विकासातील सर्वांगीण विलंब' असे लिहितात, म्हणजे 'अडचण आहे, पण तिचे पक्के नाव आज सांगता येत नाही' याची ती प्रामाणिक कबुली असते. पण चांगला तज्ज्ञ थांबतो तेव्हा पुढच्या भेटीची तारीख देतो आणि घरी काय करायचे ते सांगतो. आपण थांबतो तेव्हा काय करतो? बहुधा विषय बदलतो.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे कितीतरी घरांत आजी सामवेदी किंवा वाडवळी बोलते, चर्चमध्ये मराठी चालते आणि बालवाडीत इंग्रजी. मूल बोलायला उशीर करू लागले की 'घरची भाषा बंद करा' असा सल्ला कुणीतरी देतोच. दोन-तीन भाषा कानांवर पडल्याने मूल स्वमग्न होत नाही आणि त्यामुळे भाषेचा विकारही जडत नाही. उलट, आजीची भाषा तोडली तर आधीच कमी बोलणाऱ्या मुलाच्या वाट्याचे एक मायेचे माणूस तेवढे दूर जाते. आणि मुलाला कोणत्या भाषेत तपासले, हे पालकांनी जरूर विचारावे. जो शब्द त्याने कधी ऐकलाच नाही, तो आला नाही म्हणून गुण कापणे हे निदान नव्हे.

ही एखाद-दुसऱ्या घराची गोष्ट आहे असेही समजू नये. देशातील पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर गोव्याचाही समावेश होता. दृष्टी, श्रवण, फिट येणे, बोलणे, बुद्धी, स्वमग्नता असे नऊ प्रकार धरले तर दोन ते नऊ वर्षांच्या दर आठ मुलांमागे जवळपास एका मुलाला यांपैकी काही ना काही अडचण असल्याचे त्यात दिसले. लहान मुलांच्या अशा तपासणीसाठीचा 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथकाने येऊन मुले तपासावीत आणि गरज असलेल्यांना पुढे पाठवावे, अशी ती योजना आहे. आपल्या वाडीतील अंगणवाडीत पथक कधी येते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

तरीही त्या वडीलधाऱ्या गृहस्थांची भीती खोटी म्हणून झटकून टाकता येत नाही. नाव देणाऱ्याच्या हाती सत्ता असते आणि इतिहासात तिचा भयंकर दुरुपयोग झाला आहे. १९३९ साली नाझी जर्मनीत सुईणींना आणि डॉक्टरांना हुकूम निघाला: तीन वर्षांखालील अपंग बालकांची नावे फॉर्म भरून कळवा. ते फॉर्म उपचारांसाठी नव्हते, कोणाला मारायचे हे ठरवण्यासाठी होते. ज्यांच्या नावाने स्वमग्नतेचा एक प्रकार कित्येक वर्षे ओळखला गेला, त्या व्हिएन्नाच्या डॉ. हान्स ॲस्परगर यांनीही काही मुलांना आम श्पीगेलग्रुंड या संस्थेत धाडल्याचे जुन्या कागदपत्रांतून २०१८ साली उजेडात आले. त्या संस्थेत सुमारे आठशे मुले मारली गेली. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स ऑगस्ट फॉन गालेन यांनी प्रवचनपीठावरून या हत्यांना उघडपणे हत्या म्हटले. आज निरुपयोगी म्हणून यांना मारता, तर उद्या म्हातारपणी आपल्यापैकी कोण सुरक्षित, असा त्यांचा सवाल होता. त्यांना २००५ साली धन्य म्हणून घोषित करण्यात आले.

आणि नावे मुलांनाच ठेवली गेली असे नाही, आयांनाही ठेवली गेली. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नता प्रथम वैद्यकशास्त्रापुढे मांडली. त्यानंतर दोन-अडीच दशके 'आई थंड, म्हणून मूल असे' हे मत मोठमोठे लोक सांगत राहिले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून ते मत खोडून काढले. ते स्वतः अशाच एका मुलाचे वडील होते. पुढे १९९८ साली लसीवर दोष आला. तो लेख नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. दोष देण्यासाठी माणसाला कुणीतरी लागतेच! प्रभू येशूच्या शिष्यांनीही जन्मांध माणसाला पाहून आधी हेच विचारले होते: पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने तो प्रश्नच नाकारला आणि त्या माणसासाठी काय करता येईल तिकडे लक्ष वळवले.

मग नाव द्यावे की देऊ नये? आम्हाला विचार करून असे वाटते की प्रश्न असा मांडणेच चुकीचे आहे. निदान टाळले म्हणून मूल बिननावाचे राहत नाही. आपण त्याला दुसरी नावे देतो: हट्टी, लाडावलेला, मठ्ठ, वेडा. आईला देतो: नोकरी करणारी, मोबाइल हातात देणारी, शिस्त न लावणारी. ही नावे द्यायला शिक्षण लागत नाही आणि ती चुकली तर कोणी जाबही विचारत नाही. तज्ज्ञाने दिलेल्या नावापाशी निदान विचारपूस असते, पुरावा असतो, चूक सुधारायची सोय असते. 'निदान' या शब्दाचा मराठीत आणखी एक अर्थ आहे: किमान, कमीत कमी. मुलाची किमान तेवढी ओळख तरी खरी असावी, हा त्याचा हक्कच आहे. आणि त्या नावामागून कायद्याचे हक्कही येतात. १९९५च्या अपंग कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हती. २०१६च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत ती आहे.

पण ते नाव मुलासाठी दिलेले असावे, वर्गातून काढायला सोयीचे म्हणून नव्हे. जेवढे पाहिले तेवढेच सांगणारे असावे. त्याला काय जमत नाही याबरोबर काय जमते हेही त्याच कागदावर असावे. आईवडील दोघांना बसवून, त्यांना कळेल अशा भाषेत, रडायला आणि विचारायला वेळ देऊन ते सांगितलेले असावे. आणि उद्या सकाळपासून काय करायचे हे सांगितल्याशिवाय त्या दोघांना दाराबाहेर पाठवू नये. एवढे झाले नाही तर अचूक नावही नावे ठेवण्यासारखेच लागते.

'स्वमग्न' या शब्दाविषयीही सांभाळून असावे. तो ऐकला की वाटते, मूल स्वतःतच रमले आहे, त्याला कोणी नको आहे. त्या मुलाच्या आईने सांगितले, बाबा कामावरून यायच्या वेळी तो रोज दारात जाऊन उभा राहतो. तोंडाकडे पाहत नाही, काही बोलत नाही. पण उभा राहतो. त्याला माणसे हवी आहेत, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी वेगळी आहे.

आम्ही त्या आईची क्षमा मागितली. ती म्हणाली, "तुम्ही एकटेच नव्हता, टीचर." हे ऐकून बरे वाटण्याऐवजी अधिकच लाज वाटली. मुलगा आता पुन्हा वर्गात येतो. कधी पूर्ण वेळ बसतो, कधी दहा मिनिटांत उठून जातो. हजेरीपटातला 'हट्टी' हा शब्द आम्ही खोडला. आता तेथे त्याचे स्नानसंस्काराचे नाव आहे आणि पुढे एवढेच लिहिले आहे: 'दाराजवळची जागा. गाणे सुरू करण्याआधी याला सांगावे.'